सुटला गडी, फिरला बेत

7 ऑक्टोबर 2023. चीनमधलं हांगझाऊ, आशियाई क्रीडा स्पर्धेतली कबड्डीची अंतिम लढत. भारत 28, इराण 28. पवन सेहरावत चढाईला गेला आणि त्या एका चढाईचे गुण कुणाला किती द्यायचे, यावरून सामना थांबला तो थांबलाच. पंच आधी एक सांगतात, मग दुसरं. खेळाडू मैदानातच बैठक मारून बसले. अखेर भारतानं 33-29 अशी बाजी मारली. पवन भारताचा कर्णधार होता आणि समोर इराणच्या बचावात मोहम्मदरेझा शादलुई उभा होता.

दोनच दिवसांनी, 9 ऑक्टोबरला, मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू झाला. पवनला तेलुगू टायटन्सनं 2 कोटी 60 लाख 50 हजारांना उचललं. शादलुई 2 कोटी 35 लाखांना पुणेरी पलटणमध्ये आला. त्याच पलटणमधला अस्लम इनामदार दोन दिवसांपूर्वी भारतीय संघात होता, म्हणजे शादलुईच्या विरुद्ध बाजूला. परवाचा वैरी आज आपल्याच खोलीत. हा लिलाव खरं तर सप्टेंबरातच व्हायचा होता, पण आशियाई स्पर्धेच्या तयारीमुळं पुढं ढकलला गेला. त्यामुळंच हा योग जुळून आला.

खेळ बंद असतो तेव्हाच खेळातला खरा बाजार भरतो. अमेरिकेत तो मार्चमध्ये भरतो. तिकडच्या फुटबॉलमध्ये लांब पळत जाऊन चेंडू झेलणाऱ्या गड्याला ‘रिसीव्हर’ म्हणतात. करार संपलेला एखादा नामी रिसीव्हर बाजारात सुटला की सगळ्या संघांचे पुढच्या हंगामाचे बेत त्याच्याभोवती फिरायला लागतात. आपल्याकडं तो मान चढाईपटूचा. आणि माण तालुक्यात? तिथं तो चार पायांचा असतो. त्याच्याकडं येऊच.

निम्मा गल्ला एका गड्यावर

प्रो कबड्डीत त्या हंगामात प्रत्येक संघाच्या हाती 5 कोटी रुपये होते. तेवढ्यात किमान 18 खेळाडू बसवायचे. आता पवनचा हिशेब करा. 5 कोटींतले 2 कोटी 60 लाख 50 हजार, म्हणजे 52 टक्के, एकाच गड्यावर गेले. उरलेल्या 2 कोटी 39 लाख 50 हजारांत बाकीचे किमान सतरा. त्यात डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन कव्हर, दुसरा चढाईपटू, तिसरा चढाईपटू आणि दुखापत झाली तर बदली.

निकाल काय लागला? तेलुगू टायटन्सनं 22 सामने खेळले आणि जिंकले फक्त 2. पवननं मात्र एकट्यानं दोनशेवर चढाई गुण मिळवले. गडी नापास झालाच नाही, नापास झाला तो हिशेब. कबड्डीत चढाईपटू बाद झाला की बाहेर बसतो, आणि त्याला परत आत आणायला मागच्यांनी समोरच्याचा गडी पकडून नाहीतर चढाईत शिवून बाद करावा लागतो. या मागच्यांवर खर्च करायला पैसेच उरले नसतील, तर अडीच कोटींचा माणूस बाकावर बसून टाळ्या वाजवणार.

तिकडं अमेरिकेत सिनसिनाटी बेंगल्सनं मार्च 2025 मध्ये जमार चेस या रिसीव्हरशी 4 वर्षांचा 16 कोटी 10 लाख डॉलरचा करार केला. वर्षाची सरासरी 4 कोटी डॉलरच्या वर. आकडा ऐकून डोळे फिरतात. पण त्या वर्षी तिथं प्रत्येक संघाला पगारापोटी 27 कोटी 92 लाख डॉलरपर्यंत खर्च करता येत होता. म्हणजे चेसचा वाटा साधारण 14 टक्के. जुगार म्हणून बघितलं तर आपली कबड्डी अमेरिकेच्या साडेतीनपट धाडसी आहे.

सव्वादोन कोटी आणि पहिलाच सामना

हाच पवन टायटन्सकडं जायच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2022 मध्ये, तमिळ थलायवाजनं 2 कोटी 26 लाखांना घेतला होता. तेव्हा संघाची थैली 4 कोटी 40 लाखांची होती, म्हणजे तिथंही निम्म्याहून जास्त. हंगाम सुरू झाला, पहिला सामना गुजरातशी, आणि पवनचा गुडघा गेला. पुढचा सगळा हंगाम तो बाहेरच.

संघ बुडाला असेल असंच कुणालाही वाटेल. झालं उलटं. 2017 पासून खेळणाऱ्या थलायवाजनी तोवर एकदाही बाद फेरी गाठली नव्हती, ती याच हंगामात गाठली आणि थेट उपांत्य सामन्यापर्यंत मजल मारली. चढाईचा भार नरेंदर नावाच्या कोवळ्या पोरानं उचलला आणि 243 गुण आणले. नव्या तरुण खेळाडूंसाठी वेगळी सोय असते, लिलावातल्या बड्या नावांच्या मानानं ते फुटाण्याच्या भावात येतात. नरेंदर तसाच आला होता. पवन तंदुरुस्त असता तर नरेंदरच्या वाट्याला किती चढाया आल्या असत्या, हा प्रश्न चेन्नईत कुणी मोठ्यानं विचारत नसावं.

पाटण्यानं राजा सोडला

सुटलेल्या गड्याची सगळ्यात झणझणीत गोष्ट 2021 ची आहे. परदीप नरवाल म्हणजे ‘डुबकी किंग’. पाटणा पायरेट्सला त्यानं सलग तीन करंडक मिळवून दिले. 2017 च्या एका हंगामात त्यानं 369 चढाई गुण घेतले. असा माणूस आठव्या हंगामाच्या आधी लिलावात आला आणि यूपी योद्धानं त्याला 1 कोटी 65 लाखांना घेतलं. तोवरची ती विक्रमी बोली होती.

पाटण्यानं काय केलं? एका मोठ्या नावाच्या जागी तेवढंच मोठं दुसरं नाव आणलं नाही. पैसे पाच-सहा ठिकाणी वाटले, बचाव घट्ट केला. त्यातच इराणचा एक फारसा कुणाला माहीत नसलेला पोरगा 31 लाखांत घेतला. त्याचं नाव मोहम्मदरेझा शादलुई. त्या हंगामात त्यानं 89 पकडी गुण घेऊन सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला. पाटणा गुणतक्त्यात पहिला. उपांत्य सामन्यात समोर कोण आलं? यूपी योद्धा, परदीपसकट. पाटण्यानं 38-27 असं धुतलं. अंतिम सामन्यात मात्र दिल्लीनं त्यांना एका गुणानं, 37-36 नं, हरवलं. एका गुणासाठी परदीपची आठवण आली असेल, तर त्यांना माफ आहे.

अमेरिकेत याचीच आवृत्ती पुढच्या वर्षी निघाली. कॅन्सस सिटी चीफ्सनं मार्च 2022 मध्ये टायरीक हिल हा आपला वाऱ्यासारखा पळणारा रिसीव्हर मायामीला देऊन टाकला आणि बदल्यात नवे खेळाडू निवडण्याचे पाच हक्क घेतले. मायामीनं हिलला 12 कोटी डॉलरचा करार दिला. चीफ्सनं फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024 असे लागोपाठ दोन सुपर बोल, म्हणजे तिकडचे अंतिम सामने, जिंकले.

मागोमाग करंडक

शादलुईचा प्रवास तर वेगळाच. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणनं पैसे मोजले आणि मार्च 2024 मध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 नं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. पुढच्या लिलावाआधी पलटणनं त्याला सोडलं. हरियाणानं, म्हणजे ज्यांना त्यानं हरवलं त्यांनीच, 2 कोटी 7 लाखांना घेतलं. डिसेंबर 2024 मध्ये हरियाणा पहिल्यांदा विजेता, आणि पलटण बाद फेरीतही नाही.

आता कुणीही म्हणेल, हा माणूस घेतला की करंडक घरी. गुजरात जायंट्सनं तेच ठरवलं आणि बाराव्या हंगामासाठी 2 कोटी 23 लाख ओतले. पण 31 ऑक्टोबर 2025 च्या अंतिम सामन्यात दिल्ली होती आणि समोर होती पुणेरी पलटण, शादलुईशिवायची. दिल्ली 31-28 नं जिंकली. गुजरात घरी.

पलटणचं इथं कौतुक करायला हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते ही पोरं त्यांनी लहान वयात, लहान पैशांत घेतली आणि सांभाळली. चढाई घरचीच असल्यामुळं लिलावाच्या दिवशी चढाईपटूंच्या भावाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बाकीचे पवनसाठी हात वर करत होते, तेव्हा पलटण बचावपटूवर खर्च करायला मोकळी होती. माझ्या मते 2023 च्या बाजारातला सगळ्यात शहाणा सौदा तो होता, भले पुढच्या वर्षी त्यांनी तो हातचा घालवला.

चंदगडचा पोरगा, वर-खाली

भाव कसा चढतो-उतरतो ते बघायचं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईकडं बघा. सहाव्या हंगामात यू मुंबानं त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं. पोरानं पहिल्याच हंगामात 218 चढाई गुण मिळवले. पुढच्या लिलावात, 2019 ला, तेलुगू टायटन्सची बोली 1 कोटी 45 लाखांवर गेली आणि तो त्या हंगामाचा सगळ्यात महाग खेळाडू ठरला. आठव्या हंगामाला 1 कोटी 30 लाख. मग दुखापतीनं हंगाम खाल्ला आणि नवव्याला किंमत थेट 20 लाख. म्हटलं संपलं. तर दहाव्याला हरियाणानं पुन्हा 1 कोटी मोजले! इतका चढउतार आमच्या आटपाडीच्या डाळिंबालाही झेपत नाही.

आपल्या भागाचं आणखी एक नाव म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके. दुसऱ्या हंगामातला तो सर्वोत्तम चढाईपटू, तेव्हा दिल्लीकडं होता. त्या काळात भाव लाखांत असायचे. 2014 च्या पहिल्यावहिल्या लिलावात सगळ्यात महाग गडी कोण होता? राकेश कुमार, पाटण्याकडं, 12 लाख 80 हजारांना. नऊ वर्षांत वरची बोली वीसपट झाली.

लिलावात हुकमी पत्ता

समजा तुमचा गडी लिलावात गेला. दुसरा संघ बोली वाढवत वाढवत दीड कोटीवर थांबला. हातोडा पडायच्या आत तुम्ही कार्ड दाखवायचं आणि तेवढ्याच पैशात आपला गडी परत घ्यायचा. इंग्रजीत ‘फायनल बिड मॅच’. गंमत अशी की समोरच्याला हे ठाऊक असतं, त्यामुळं तो कधी कधी नुसती बोली चढवत राहतो. गडी मिळाला नाही तरी तुमची थैली हलकी झाली, हाच त्याचा फायदा. 2025 ला दिल्लीनं आशू मलिकला याच पत्त्यावर 1 कोटी 90 लाखांत परत घेतलं. महाग पडला म्हणावं, तर त्याच हंगामात करंडक दिल्लीकडं आला.

याच बाजाराचं शेवटचं पानही त्याच लिलावात उलटलं. परदीप नरवालसाठी एकही हात वर गेला नाही. काही दिवसांतच त्यानं निवृत्ती जाहीर केली. ‘डुबकी किंग’वर बोली नाही, हे चार वर्षांपूर्वी कुणाला सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं.

आता चार पायांचे गडी

माण, खटाव, आटपाडी हा माणदेशाचा पट्टा खिलार बैलांचा. पांढरं अंग, लांबट तोंड, मागं जाऊन वर वळलेली शिंगं आणि अंगात पळ. म्हसवडचं खिलार आणि आटपाडी महालाचं खिलार अशा त्याच्या नावाजलेल्या जाती. महाल हा औंध संस्थानाच्या कारभारातला शब्द, बैलाच्या नावात अजून टिकून आहे. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत, म्हसवडला, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचे बाजार भरतात. शर्यतीच्या बैलांची पारख तिथंच होते.

या बाजारात हातोडा नसतो. घेणारा आणि देणारा हातात हात घालतात, वर टॉवेल किंवा उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. भोवती वीस माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो, फार तर मधल्या हेड्याला, म्हणजे दलालाला. मुंबईच्या हॉटेलात कोटीची बोली अख्खा देश टीव्हीवर बघतो, आणि खरसुंडीत शेजारी उभ्या चुलत्याला पत्ता लागत नाही. त्यामुळं बैलांच्या किमतीच्या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. विकणारा चढवून सांगतो, घेणारा घरी उतरवून सांगतो.

भावाआधी दात. खालचा ओठ खाली ओढून बघायचं. दुधाचे दात असले तर ‘आदत’, दोन पक्के आले की ‘दुसा’, चार आले की ‘चौसा’, आठही आले की ‘जुळला’. आदत वासरांची वेगळी मैदानं होतात. तिथं चमकलेलं वासरू पुढं ओपनला, म्हणजे खुल्या मैदानाला, काय करेल, या अंदाजावर पैसे लावायचे. कबड्डीतल्या तरुण खेळाडूंच्या यादीत हेच होतं, फक्त तिथं कुणी ओठ ओढून बघत नाही.

मग खूर बघायचे, वशिंड बघायचं आणि चालवून बघायचं. जाणता माणूस मागून बघतो, मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडतो की मागं. शेवटचा प्रश्न ठरलेला, ‘कुठल्या खांदीचा?’ काही बैल डाव्या बाजूनंच मन लावून पळतात, काही उजव्या. दोन्ही खांदीला चालणारा सापडला तर मालक त्याला काळजासारखा जपतो, कारण त्याची जोडी कुणाशीही लागते.

पैरा

आणि इथं माणदेशानं अमेरिकेवर कडी केली आहे. शर्यतीला जोडी लागते, पण दोन्ही बैल एकाच मालकाचे असलेच पाहिजेत असं नाही. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, एका मैदानापुरते एकत्र, याला ‘पैरा’ म्हणतात. पेरणी-मळणीला शेजारी एकमेकांची जनावरं आणि माणसं घेतात, त्या जुन्या रिवाजाचंच हे शर्यतीतलं रूप. म्हणजे प्रत्येक बैल दर आठवड्याला मोकळा आणि दर आठवड्याला नव्यानं जोडीला. मैदान जाहीर झालं की फोन सुरू होतात.

‘तात्या, रविवारी तुमचा कोसा मोकळा हाय का?’

‘न्हाय गड्या. त्याचा पैरा बुधवारीच जमलाय.’

‘मग म्होरल्या मैदानाला तरी द्या की.’

‘बघू. आदी हे मैदान तर करू दे.’

हे ‘बघू’ फार महागडं. कारण तात्यांचा बैल रविवारी गट मारून, सेमी काढून फायनलला आला, तर सोमवारी त्यांच्या दारात पाच माणसं असणार आणि ज्यानं आधी फोन केला तो सहावा. बक्षीस निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं की कसं, गाडीभाडं कुणाचं, ड्रायव्हर कुणाचा, हे सगळं तोंडी ठरतं. ज्याच्याकडं डाव्या खांदीचा वाघ आहे, तो उजव्याच्या शोधात अख्खा जिल्हा पालथा घालतो. त्याचा सगळा हंगाम दुसऱ्याच्या गोठ्यातल्या एका जनावरावर अडकलेला असतो.

पावसाळ्यात पेरण्या असतात, रानं ओली असतात. मैदानं कमी होतात आणि बैल सुट्टीवर जातो. सुट्टी म्हणजे काय, तर खुराक. कडबा, शाळू, उडदाची चुणी, दूध, अंडी. पोहणी, मालीश, हलकी फेरी. याच दिवसांत मालक डोकं लावतो. आहे ती जोडी चालवायची, की एक विकून दुसरा घ्यायचा, की आदत वासरू आणून दोन वर्षं कळ काढायची?

सर्वोच्च न्यायालय आणि बाजारभाव

या बाजाराला लागलेला सगळ्यात मोठा ब्रेक कोर्टाचा. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या. 2017 ला महाराष्ट्रानं कायदा केला, तोही अडकला. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे उचलून धरले. मधल्या सात-आठ वर्षांत शर्यतीचा बैल म्हणजे खर्चाचा खड्डा झाला होता. शेताला ट्रॅक्टर आणि शर्यतीला बंदी, मग बैल पाळायचा कशाला? ज्यांनी त्या काळातही चांगलं रक्त दावणीला राखलं, त्यांचं नशीब 2021 च्या डिसेंबरात उघडलं. खेळच बंद आहे तोवर गडी स्वस्त असतो, पण तो घ्यायला छाती लागते. पुन्हा 2022 च्या सप्टेंबरात लम्पी हा जनावरांचा रोग आला आणि जनावरांचे बाजार, शर्यती काही काळ परत बंद.

आता बक्षिसं चारचाकीवर गेली आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यात डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या मैदानात पहिलं बक्षीस फॉर्च्युनर गाडीचं होतं. ती जिंकणाऱ्या जोडीची नावं ‘हेलिकॉप्टर बैज्या’ आणि ‘ब्रेक फेल’. नावं ठेवण्यात तरी प्रो कबड्डीनं आमच्याकडं शिकवणी लावावी.

मेंढ्याला 70 लाख, मालक म्हणतो नको

बैलावरून आठवलं. आटपाडीच्या बाजारात 2020 च्या अखेरीस माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला 70 लाखांची बोली लागली. जत तालुक्यातल्या माडग्याळची ही जात, नाक बाकदार, अंगानं दांडगी. मालकानं दीड कोटी सांगितले आणि विकला नाही. मूळ नाव ‘सर्जा’ होतं, लोक ‘मोदी’ म्हणायला लागले. आता ऑगस्ट 2024 चा कबड्डी लिलाव आठवा. परदीप नरवालला बंगळूर बुल्सनं किती दिले? 70 लाख. तिथं कुणी ‘नको’ म्हणालं नाही, आणि बुल्स त्या हंगामात तळाला गेले.

पेठेतला स्ट्रायकर

खऱ्याखुऱ्या फुटबॉलचा बाजार बघायचा तर आपल्या शेजारीच, कोल्हापूरला. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब असे पेठापेठांचे, तालमींचे संघ, आणि सामने शाहू स्टेडियमवर. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते तेव्हा कुणाचा गोल मारणारा पोरगा कुठल्या पेठेत गेला, यावर कट्ट्याकट्ट्यावर पंचायत बसते. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाणं म्हणजे नुसती जर्सी बदलणं नव्हे. घरून स्टेडियमला जायचा रस्ताही बदलावा लागतो म्हणतात. इथूनच निघालेला अनिकेत जाधव 2017 ला 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून पुढच्या फळीत खेळला.

बोलीच नको

खो-खोनं वेगळी वाट धरली. 2022 ला पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो सुरू झाली तेव्हा लिलाव नव्हताच. खेळाडूंच्या चार श्रेणी केल्या, वरच्या श्रेणीला 5 लाख, तळाच्या श्रेणीला 1 लाख, आणि संघांनी पाळीपाळीनं निवडायचं. भाव ठरलेला असल्यामुळं कुणाची थैली एका गड्यावर रिकामी होत नाही. पण चांगल्या गड्याला वाटतं, उघड्या बाजारात मला दुप्पट मिळाले असते. त्याचंही बरोबर आहे.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर सुरुवातीला खो-खोच खेळायची. मग तिनं खेळ बदलला आणि एकटीनं पळायला लागली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी तिनं 9 मिनिटं 19.76 सेकंदांत राष्ट्रीय विक्रमासह पार केली आणि अंतिम फेरीत दहावी आली. तिच्या या बदलीसाठी कुठं बोली लागली नाही. लागली असती, तर मोहीकरांनी आकडा टॉवेलाखालीच ठेवला असता.